अहवाल आणि रस : 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स'च्या निमित्ताने

: १ :

दुःखद कलाकृतीने आनंद का व्हावा, ह्या प्रश्नाची मराठी समीक्षेने पुष्कळ चर्चा केलेली आहे. न. चिं. केळकरांच्या 'सविकल्प समाधी'पासून रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त केलेल्या लौकिकतावाद-अलौकिकतावाद ह्या दोन ध्रुवांच्या मांडणीपर्यंत हा प्रश्न निरनिराळ्या रूपांनी आपल्यापुढे आलेला आहे. परंतु ह्या चर्चेत उदाहरणादाखल पुढे येतो तो बहुधा करुण रस. बीभत्साची वास्तपुस्त क्वचितच होते. त्याचा स्थायी भाव जुगुप्सा, त्याचे क्षोभज आणि उद्वेगी असे प्रकार, आणि 'मालतीमाधवा'च्या पाचव्या अंकातील श्मशान हे त्याचे ठरलेले उदाहरण, एवढे सांगितले की त्याचा विषय संपतो. भवभूतीचे ते श्मशान भयानक आहे खरे. पण ते कोणाचेच श्मशान नाही. तिथल्या चितांवर कोण जळत होते असा प्रश्न कोणताही सहृदय विचारीत नाही आणि म्हणूनच त्याला रसास्वाद घेता येतो.

विसाव्या शतकाने ही सोय काढून घेतली. ज्या श्मशानाचा पत्ता ठाऊक आहे, ज्यातील मृतांच्या याद्या कारकुनांनी टंकलिखित करून ठेवल्या आहेत, त्या श्मशानाचा बीभत्स रस होऊ शकतो काय? आणि झाला तर तो होऊ द्यावा काय? हा प्रश्न युरोपातील विचारवंतांनी फार गांभीर्याने विचारलेला आहे. आउश्वित्झनंतर काव्यरचना करण्याच्या नैतिक शक्यतेविषयी थिओडोर अडोर्नोने १९४९ साली लिहिलेल्या आणि १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात जी शंका उपस्थित केली, ती आता सर्वपरिचित आहे. तिच्याइतके परिचित नसलेले, पण आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असे त्याचे विवेचन १९६२ सालचे आहे. आर्नोल्ड शोनबर्गच्या 'अ सर्व्हायव्हर फ्रॉम वॉर्सा' ह्या १९४७ सालच्या रचनेविषयी बोलताना अडोर्नो असे सुचवतो की, कलात्मक शैलीकरण होताच त्या अकल्पित यातनेला काही अर्थ असल्याचा भास होतो, तिच्यातील भीषणता काहीशी कमी होते आणि मृतांवर पुन्हा एकदा अन्याय होतो. आपल्या परिभाषेत सांगायचे तर आक्षेप साधारणीकरणावरच आहे.

प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार एका अगदी छोट्या आणि आडवाटेच्या उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. लंडनमध्ये १९७६ ते १९८१ ह्या काळात 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स' नावाची एक स्वतंत्र ध्वनिमुद्रिका-संस्था, ज्याला आपण सर्रास 'लेबल' म्हणतो, अस्तित्वात होती. 'इंडस्ट्रियल' म्हणून आज ओळखला जाणारा, गोंगाट, यंत्रध्वनी आणि विदारक विषय ह्यांनी युक्त असलेला प्रायोगिक संगीताचा प्रवाह ह्या संस्थेच्या नावावरून आपले नाव घेऊन निघाला. साहित्यसमीक्षेला वाहिलेल्या नियतकालिकात संगीताच्या लेबलची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, ह्या संस्थेने जे निर्माण केले त्यात ध्वनीइतकाच वाटा शब्दव्यवहाराचा होता. अहवाल, परिपत्रक, पत्र, सूची, विज्ञप्ती ह्या अवाङ्मयीन लेखनप्रकारांना तिने कलेच्या जागी आणून बसवले. रसनिष्पत्ती होऊ न देणे हे तिचे खरे कार्य होते, आणि जिथे तिचा अहवाल सुटला तिथे तिची नैतिक बाजूही सुटली, असे माझे प्रतिपादन आहे.

: २ :

संस्थेची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. १९६९ साली इंग्लंडमधील हल ह्या शहरात 'कूम ट्रान्समिशन्स' नावाचा एक प्रयोगशील कलागट निघाला. पुढे तो लंडनला आला. जेनेसिस पी-ऑरिज आणि कोझी फॅनी टुटी ही त्यातील प्रमुख माणसे. ऑक्टोबर १९७६ मध्ये लंडनच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्स' येथे ह्या गटाचे 'प्रॉस्टिट्यूशन' नावाचे प्रदर्शन झाले. कोझीने मॉडेल म्हणून काम केलेल्या अश्लील मासिकांची पाने त्यात होती. त्यावरून वृत्तपत्रांत गदारोळ उठला, सरकारी अनुदानाचा प्रश्न संसदेत निघाला, आणि निकोलस फेअरबेर्न ह्या हुजूर पक्षाच्या खासदाराने ही मंडळी संस्कृतीचा विध्वंस करणारी आहेत असा शेरा मारला. त्याच प्रदर्शनाच्या उद्घाटनाला 'थ्रॉबिंग ग्रिसल' ह्या चौघांच्या वाद्यगटाचा प्रयोग झाला. पी-ऑरिज आणि कोझी ह्यांच्याखेरीज ख्रिस कार्टर आणि पीटर क्रिस्टोफरसन हे दोघे त्यात होते.

ह्या चौघांपैकी कोणीही रूढ अर्थाने वादक नव्हते, हे नेहमी सांगितले जाते. पण त्यांच्याजवळ काय होते, हे त्याहून महत्त्वाचे आहे. कार्टरला इलेक्ट्रॉनिक उपकरणे स्वतः जुळवता येत होती. क्रिस्टोफरसन 'हिप्नोसिस' ह्या ध्वनिमुद्रिकांची वेष्टने करणाऱ्या नामांकित संस्थेत काम करीत असे. म्हणजे ध्वनिमुद्रिका बाजारात कशी सजवून आणली जाते, ह्याचे आतल्या माणसाचे ज्ञान त्याला होते. कोझीने शरीराचा बाजार मॉडेल म्हणून आतून पाहिला होता. आणि पी-ऑरिज यांना टपालाचा नाद होता. कात्रणे चिकटवून पाठवलेली काही पोस्टकार्डे अश्लील ठरवून टपालखात्याने त्यांच्यावर भरलेल्या खटल्यात १९७६ च्या एप्रिलमध्ये त्यांना दंड झाला होता. उपकरण, वेष्टन, शरीर आणि टपाल ह्या चार व्यवहारांच्या ज्ञानातून हे लेबल उभे राहिले. हॅकनी भागातील मार्टेलो स्ट्रीटवरच्या त्यांच्या स्टुडिओला त्यांनी 'डेथ फॅक्टरी' असे नाव दिले होते. सॅन फ्रान्सिस्कोचा कलावंत माँटे कझाझा याने ह्या संस्थेला जे घोषवाक्य दिले, त्याचा आशय असा की, हे औद्योगिक माणसांसाठी केलेले औद्योगिक संगीत आहे. ह्यात दुहेरी सूचन आहे. संगीत हाही एक उद्योग आहे, त्याचा कारखाना असतो, त्याचा माल असतो, हे लपवायचे नाही, असा त्याचा पहिला अर्थ. आणि विसाव्या शतकातील उद्योगाची परिणती ज्या ठिकाणी झाली ते ठिकाणही लपवायचे नाही, असा दुसरा.

: ३ :

अभिनवगुप्ताने रसास्वादातील सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील दुसरे विघ्न येथे विशेष महत्त्वाचे आहे. समोर दिसणारा अनुभव 'माझा' किंवा 'अमक्याचा', 'ह्या जागचा' आणि 'ह्या काळचा' असा नेमका होऊन बसला, की रसप्रतीती अडते. देशकालविशेषाचा हा आवेश दूर करण्यासाठी नाट्यात पूर्वरंगाची आणि प्रस्तावनेची योजना असते, नटाचे मूळ रूप झाकणारा वेष आणि मुकुट असतो. आता जे घडणार आहे ते नाट्य आहे, असे प्रेक्षकाला त्यातून समजते आणि तो निश्चिंत होतो.

ध्वनिमुद्रिकेचा पूर्वरंग म्हणजे तिचे वेष्टन. तबकडी फिरू लागण्यापूर्वी वेष्टनावरील चित्र, नाव, अक्षरांची वळणे ही श्रोत्याला त्या जगात घेऊन जातात. 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स'ने हा पूर्वरंग उलटा केला. नोव्हेंबर १९७७ मध्ये निघालेल्या त्यांच्या पहिल्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेचे नाव 'द सेकंड अॅन्युअल रिपोर्ट', म्हणजे 'दुसरा वार्षिक अहवाल', असे आहे. पहिला अहवाल तोवर प्रसिद्ध झालेलाच नव्हता. वेष्टन पांढरे, जवळजवळ कोरे, आणि त्यावर कार्यालयीन फाइलीवर असावी तशी चिकटवलेली पट्टी. प्रती अवघ्या ७८५. हिप्नोसिससारख्या संस्थेत भपकेबाज वेष्टने करणाऱ्या माणसाच्या सहभागाने निघालेले हे वेष्टन अज्ञानातून कोरे राहिलेले नाही. आता जे घडणार आहे ती कला नव्हे, ती एका संस्थेच्या कामकाजाची नोंद आहे, असे ते बजावते. श्रोता निश्चिंत होण्याऐवजी सावध होतो.

हीच रीत तबकडीच्या आतही चालू राहते. पहिल्या बाजूवर मुख्यतः दोनच रचना आहेत. एकीची तीन रूपे, दुसरीची चार. आणि त्यांची नावे कशी, तर रचनेच्या नावापुढे तिच्या प्रयोगाचे ठिकाण : अमुक रचना, साउदॅम्प्टन येथे, तीच रचना, ब्रायटन येथे. सामान्यतः संगीतकार आपल्या रचनेचे उत्तम रूप निवडतो आणि बाकीची टाकून देतो. त्या निवडीतून रचना स्थलकालातीत झाल्याचा आभास निर्माण होतो. येथे निवड नाकारलेली आहे. देशकालविशेषाचे जे विघ्न अभिनवगुप्ताला दूर करावयाचे होते, ते येथे शीर्षकातच नोंदवून ठेवलेले आहे. पुढे गटाने आपल्या प्रयोगांच्या ध्वनिफिती एकत्र करून 'ट्वेंटी-फोर अवर्स' ह्या नावाने एका लहानशा पेटीत घालून विकल्या, तेही ह्याच वृत्तीने. त्या फितींत फसलेले प्रयोग आहेत, कंटाळवाणे प्रयोग आहेत. अहवालात ते असावेच लागतात.

अशा संस्थेचा श्रोता ग्राहक म्हणून पुरेसा नव्हता. टपालाने 'इंडस्ट्रियल न्यूज' हे वार्तापत्र पाठवून, पत्रे लिहून आणि पत्रांना उत्तरे देऊन गटाने आपल्या श्रोत्यांचे एक लहान पत्रमंडळ तयार केले. ध्वनिमुद्रिकेचा अर्थ लावण्यासाठी लागणारा संदर्भ ह्या पत्रव्यवहारातून पुरवला जात होता, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयास हवे.

: ४ :

ह्या पद्धतीचे सर्वांत समर्थ फळ 'हॅम्बर्गर लेडी' ही रचना होय. १९७८ च्या अखेरीस निघालेल्या 'डी. ओ. ए.' ह्या ध्वनिमुद्रिकेत ती आहे. ह्या ध्वनिमुद्रिकेच्या उपशीर्षकात तिला तिसरा आणि अखेरचा अहवाल म्हटलेले आहे. अर्थात तो अखेरचा ठरला नाही. टपालकलेच्या क्षेत्रात वावरणारा अमेरिकन लेखक अल अॅकरमन याने पाठवलेले एक पत्र हा ह्या रचनेचा शब्दाशय आहे. भीषण भाजलेली एक स्त्री रुग्णालयात आहे, ती मरत नाही, आणि तिची शुश्रूषा करणाऱ्यांना रोज तिच्या खोलीत जावे लागते, एवढाच त्याचा विषय. पी-ऑरिज यांचा आवाज उपकरणातून इतका विरूप करून घेतलेला आहे की शब्द अर्धेच कळतात. खालून एक मंद, हेलकावणारा ध्वनी सतत चालू राहतो. रात्रपाळीच्या खोलीत एखादे यंत्र चालू असावे तसा. उंचावणारा स्वर नाही, उत्कर्षबिंदू नाही, शेवट नाही. रचना थांबते एवढेच.

ह्या रचनेत जुगुप्सा आहे, पण ती चवीने घेता येत नाही. ह्याचे कारण निवेदकाच्या स्थानात आहे. बोलणारा यातना देणारा नाही आणि भोगणाराही नाही; तो नोकरी करणारा आहे. त्याच्या वाट्याला किळस आली आहे आणि कर्तव्यही आले आहे, आणि दोन्हींपैकी एकही त्याला टाकता येत नाही. श्रोत्यालाही तेच स्थान मिळते. शब्द नीट ऐकू यावेत म्हणून तो कान देतो, आणि कान देताच ते ऐकायला नको होते असे त्याला वाटते. रसप्रक्रियेत तटस्थाला प्रवेश नाही, असे शास्त्र सांगते. येथे ताटस्थ्य हाच अनुभव आहे, आणि त्याची शरम हा त्या अनुभवाचा दुसरा भाग आहे. रसापेक्षा निराळ्या अशा एखाद्या मूल्याची भाषा आपल्याला येथे शोधावी लागते.

ह्याच्या शेजारी 'स्लग बेट' ही दुसऱ्या अहवालातील रचना ठेवून पाहावी. येथे निवेदक प्रथमपुरुषी आहे, आणि तो खुनी आहे. एका घरात शिरून तो जे करतो ते तो स्वतःच सांगतो. आवाजात लाडिक, बालिश असा एक सूर आहे. तीनदा ऐकूनही ही रचना मला अहवाल वाटत नाही. कोणाचा अहवाल? कोणत्या घराचा? प्रयोगाचे ठिकाण शीर्षकात आहे, पण घटनेला ठिकाण नाही. ह्या ठिकाणी नोंदीचा आव आहे आणि आत मात्र कल्पनारंजन आहे. ते कल्पनारंजन काळे असल्यामुळे धीट दिसते इतकेच. समीक्षकांनी ह्या दोन्ही रचनांना एकाच 'समाजाला आरसा दाखवणाऱ्या' कलेच्या खात्यावर मांडले, तर ह्या लेबलविषयी काहीच कळणार नाही. एक रचना पत्रावर उभी आहे, दुसरी एका चोरट्या दिवास्वप्नावर.

अहवालाचे तत्त्व विनोदाच्या अंगानेही कसे चालते, हे १९७९ सालच्या 'ट्वेंटी जॅझ फंक ग्रेट्स'च्या वेष्टनावरून दिसते. हिरवळ, फुले, नीटनेटक्या कपड्यांतले चार हसरे चेहरे. नाव असे की स्वस्तात विकल्या जाणाऱ्या लोकप्रिय गीतांच्या संचाचे असावे. ते ठिकाण मात्र ससेक्समधील बीची हेड हा कडा आहे, आणि तो आत्महत्यांसाठी कुप्रसिद्ध आहे. वेष्टन हे कोठेही सांगत नाही. ज्याला जागा ओळखता येते त्याच्यापुरते चित्र बदलते. येथे सर्व भार स्थलाच्या ज्ञानावर आहे. ते ज्ञान नसेल तर ते खरोखरच चार आनंदी माणसांचे चित्र आहे.

: ५ :

आता संस्थेच्या बोधचिन्हाकडे वळावे लागेल. कारण ह्या लेबलविषयीचा खरा वाद तेथेच आहे. एका धुराड्याच्या इमारतीचे साधे छायाचित्र हे ते बोधचिन्ह. पाहणाऱ्याला तो कोणताही कारखाना वाटेल. गटाच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे ते आउश्वित्झ येथील दाहगृहाचे छायाचित्र आहे.

ह्या निवडीचे समर्थन करता येते. मृत्युछावणी हा रानटीपणाचा अपघात नव्हता. वेळापत्रक, मालवाहतूक, लेखापाल आणि रसायन-उद्योग ह्यांच्या साहाय्याने चालवलेला तो कारखाना होता. तिला 'औद्योगिक' ह्या शब्दाखाली उभे करणे म्हणजे उद्योगसंस्कृतीला तिच्या पूर्ण हिशोबासह समोर आणणे. आणि ते चित्र ओळखू न येणे हाच त्याचा अर्थ आहे, कारण खरोखरच ती इमारत इतर कारखान्यांसारखीच दिसत होती. हे समर्थन बुद्धीला पटते. तरीही ते मला पुरेसे वाटत नाही.

अहवालाला मथळा असतो, दिनांक असतो, ठिकाण असते. 'दुसऱ्या अहवाला'ने रचनांच्या नावांपुढे ब्रायटन आणि साउदॅम्प्टन लिहिण्याची दक्षता घेतली. बोधचिन्हाखाली मात्र ठिकाण लिहिलेले नाही. ज्या एका जागी देशकालविशेष सांगणे नैतिकदृष्ट्या अत्यावश्यक होते, नेमक्या त्याच जागी तो गाळला गेला. गाळल्यामुळे ते चित्र गुपित झाले. ज्याला ठाऊक आहे आणि ज्याला ठाऊक नाही असे श्रोत्यांचे दोन वर्ग पडले. गुपित ठाऊक असण्यात एक प्रकारचा दर्जा असतो. बीची हेडच्या चित्रात गटातील चौघे स्वतः त्या कड्यावर उभे आहेत, विनोदाची किंमत ते स्वतः देतात. धुराड्याच्या चित्रात ती किंमत दुसऱ्यांनी, त्यांना न विचारता, दिलेली आहे. १९७८ साली निघालेल्या 'युनायटेड' ह्या छोट्या ध्वनिमुद्रिकेच्या दुसऱ्या बाजूवरील रचनेच्या नावात झायक्लॉन बी ह्या विषारी द्रव्याचे नाव आहे. ते एका थिल्लर नामाला जोडून आलेले आहे. पुढे गटाने लष्करी धाटणीचे गणवेश घातले, ब्रिटिश फॅसिस्टांच्या विजेच्या चिन्हाची आठवण करून देणारे चिन्ह वापरले. ह्या प्रत्येक वेळी उपरोध अभिप्रेत होता, असे मी मानतो. परंतु उपरोध हा संहितेत नसतो. संहिता आणि वाचक ह्यांच्यामधील सामायिक ज्ञानात तो असतो. ते ज्ञान ७८५ प्रतींच्या आणि टपालाच्या वर्तुळात होते. प्रत त्या वर्तुळाबाहेर गेली की उपरोध मागे राहतो आणि चिन्ह पुढे जाते.

ही भीती काल्पनिक नव्हती. १९८१ साली 'व्हाइटहाउस' ह्या दुसऱ्या एका ब्रिटिश गटाची ध्वनिमुद्रिका निघाली, तिचे नावच 'बुखेनवाल्ड' असे होते. येथे स्थलनाम लपवलेले नाही. ते ठळकपणे सांगितलेले आहे. पण त्यामुळे अहवाल सिद्ध होत नाही. त्या नावाखाली त्या स्थळाविषयी कोणतीही नोंद नाही. कर्णकटू ध्वनीच्या तीव्रतेचे माप म्हणून ते वापरलेले आहे. विशेषनामाचे असे विशेषण होते. पुढच्या काळात ह्या प्रवाहाची जी अनेक लेबले निघाली, त्यांत स्वीडनमध्ये रॉजर कार्मनिकने १९८७ साली काढलेले 'कोल्ड मीट इंडस्ट्री' हे एक प्रमुख होय. त्याच्या नावातही 'इंडस्ट्री' आहे, पण त्याच्या 'रेझाँ देत्र' किंवा 'आर्काना' ह्यांसारख्या गटांच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना आपण कारखान्यात नसतो, एका ओसाड चर्चमध्ये असतो. घंटानाद, लांबवर घुमणारे समूहस्वर, प्रतिध्वनी. ह्या संगीताला स्वतःचे सौंदर्य आहे आणि ते मी नाकारत नाही. परंतु ते भवभूतीच्या श्मशानाकडे परत गेलेले आहे. ते कोणाचेच श्मशान नाही. काळोख ही येथे एक अभिरुची झाली; साधारणीकरण पूर्ण झाले, आणि रस पुन्हा सुखाने निष्पन्न होऊ लागला.

: ६ :

'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स'ची यादी मात्र अशी एकरंगी नाही, ही गोष्ट त्याच्या वारसांनी विसरून टाकलेली दिसते. शेफील्डच्या 'कॅबरे व्हॉल्टेअर' आणि 'क्लॉक डीव्हीए' ह्या गटांच्या ध्वनिफिती त्यात आहेत. ऑस्ट्रेलियाच्या 'एसपीके'ची ध्वनिमुद्रिका आहे. त्या गटाचा एक संस्थापक ग्रॅम रेव्हेल मनोरुग्णालयात परिचारक होता, आणि गटाचे नाव हायडेलबर्गच्या एका रुग्णसंघटनेवरून घेतलेले होते. आणि ह्याच यादीत १९८० साली एलिझाबेथ वेल्श हिचे 'स्टॉर्मी वेदर' येते. अमेरिकेत जन्मलेली आणि १९३० नंतरच्या दशकात लंडनच्या रंगभूमीवर नावारूपाला आलेली ही कृष्णवर्णीय गायिका. डेरेक जार्मनच्या 'द टेम्पेस्ट' ह्या १९७९ सालच्या चित्रपटात तिने ते जुने गीत गायिले होते. ह्या लेबलचा आत्मा काळोख असता, तर ही ध्वनिमुद्रिका त्यावर निघाली नसती. प्रत्यक्ष घडलेल्या ध्वनीची नोंद ठेवणे हा त्याचा आत्मा होता. एका वृद्ध गायिकेचा गळा आणि एका रुग्णालयातील पत्र ही दोन्ही त्या दस्तऐवजखान्यात शेजारी शेजारी राहू शकत होती.

शेवटची नोंद विल्यम बरोजची आहे. टेपरेकॉर्डरवर केलेल्या त्याच्या जुन्या प्रयोगांच्या फिती पी-ऑरिज आणि क्रिस्टोफरसन यांनी चाळल्या, आणि त्यांतून निवडलेली 'नथिंग हिअर नाऊ बट द रेकॉर्डिंग्ज' ही ध्वनिमुद्रिका १९८१ साली निघाली. १९५९ नंतर बरोज आणि ब्रायन गायसिन यांनी लिखित मजकूर कापून जोडण्याचे जे तंत्र अवलंबले, त्याचाच ध्वनिफितीवरील विस्तार ह्या प्रयोगांत आहे. ह्यात कापून जोडलेला आवाज कोणाचा, कोणत्या दिवशीचा, हे कळेनासे होते; अहवालाचे द्रव्य तेच राहते आणि त्याचा अधिकार मात्र मोडतो. सत्ता नोंदींच्या आधारे चालते, म्हणून नोंद कापणे हा सत्तेवरील आघात आहे, असा बरोजचा विश्वास होता. नोंद ठेवणारे लेबल नोंद कापणाऱ्या लेखकापाशी येऊन थांबले. हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. ह्या संस्थेच्या पद्धतीची मर्यादा तिच्या शेवटच्या प्रकाशनात आपोआप उघड झाली.

मे १९८१ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्को येथे थ्रॉबिंग ग्रिसलचा शेवटचा प्रयोग झाला आणि जूनमध्ये गटाचे कार्य समाप्त झाल्याची सूचना देणारी कार्डे टपालाने गेली. त्याच वर्षी लेबलही थांबले. ज्या मार्गाने संदर्भ पुरवला जात होता त्याच मार्गाने समाप्तीची वार्ता पाठवली गेली. संदर्भ पुरवणे शक्य नसेल तेव्हा प्रकाशनही थांबवावे, असा एक नियम त्यातून वाचता येतो. तो नियम त्यांनी नंतर पाळला नाही, हेही नोंदवले पाहिजे. २००४ साली गट पुन्हा एकत्र आला. २०१० साली क्रिस्टोफरसनचे निधन झाले. २०११ साली जुन्या ध्वनिमुद्रिका त्याच लेबलच्या नावाने नव्याने बाजारात आल्या. २०१७ साली कोझीने आपले 'आर्ट सेक्स म्युझिक' हे आत्मकथन प्रसिद्ध केले आणि त्यात पी-ऑरिज यांच्याकडून आपल्याला सोसाव्या लागलेल्या धाकदपटशाची आणि हिंसेची हकीकत सांगितली. पी-ऑरिज यांनी ते आरोप नाकारले. २०२० साली त्यांचेही निधन झाले. सत्तेची यंत्रणा उघडी करणाऱ्या गटाच्या आत तीच यंत्रणा होती काय, हा प्रश्न आता त्या अहवालांच्या शेजारी कायमचा राहील. चौघांच्या नावे निघालेल्या अहवालांना कोझीने चाळीस वर्षांनी जोडलेले हे भिन्नमतपत्र आहे, आणि अहवालाच्या शिस्तीत भिन्नमतपत्राला जागा असते.

: ७ :

ह्या सर्व विवेचनातून निघणारा निष्कर्ष केवळ एका लेबलपुरता नाही. भीषण वास्तवाचे चित्रण करणाऱ्या कलेविषयी आपल्याकडे दोन सोप्या भूमिका घेतल्या जातात. असे विषय कलेने टाळावेत, कारण ते अभिरुचीला बाधक आहेत, ही एक. आणि असे विषय हाताळणे हेच धैर्य आहे, म्हणून त्या हाताळणीची छाननी करू नये, ही दुसरी. पहिली भूमिका 'हॅम्बर्गर लेडी'ला मुकते. दुसरी 'स्लग बेट'ला फसते. विषय किती काळा आहे, ह्यावर काहीच अवलंबून नसते. त्या विषयाचे ठिकाण, काळ आणि माणूस ही तीन बंधने कलाकृतीने सांभाळली की सोडली, ह्यावर सारे अवलंबून असते.

अभिनवगुप्ताने ज्याला विघ्न म्हटले त्याला काही अनुभवांच्या बाबतीत आपण मूल्य म्हणावयास शिकले पाहिजे, असे मला वाटते. साधारणीकरण हे कलेचे सामर्थ्य आहे हे खरे. पण ज्यांना जिवंतपणी संख्या करून टाकण्यात आले त्यांना मृत्यूनंतर पुन्हा साधारण करणे, हे त्या सामर्थ्याचे कार्य असू शकत नाही. 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स'ला हे आपल्या उत्कृष्ट क्षणी समजले होते, म्हणून त्याने रसाऐवजी अहवाल निवडला. आणि आपल्या सर्वांत प्रसिद्ध चित्राखाली दोन शब्दांचा मथळा लिहिण्याचे त्याने टाळले. त्याच्या मागून आलेल्यांनी ते चित्र उचलले. मथळा नव्हताच, त्यामुळे तो त्यांना गाळावाही लागला नाही.